ईएसपी-०१ वर कोड चढत नाही? आधी ३.३ व्होल्ट कुठून घेताय ते बघा

ईएसपी-०१ या छोट्या वायफाय मॉड्यूलवर यूएसबी-सीरियल ॲडाप्टरने कोड नीट चढत नाही, ही तुमची पोस्ट वाचली, अगदी हाच त्रास मी भोगलाय. कंप्युटरला पोर्ट दिसतो, अपलोड कधी होतं कधी 'टाइम्ड आउट वेटिंग फॉर पॅकेट हेडर' म्हणून अडतं, आणि कोड चढलाच तर वायफाय जोडायच्या क्षणी मॉड्यूल रिसेट. ॲडाप्टरचा ड्रायव्हर काढून परत टाकताय म्हणता, ते आता थांबवा. अधूनमधून का होईना अपलोड होतंय म्हणजे ड्रायव्हर ठीक आहे.

टीएक्स-आरएक्स (डेटा पाठवायची आणि घ्यायची पिन) क्रॉस, ग्राउंड कॉमन वगैरे तुम्ही केलंच असणार, त्यात शिरत नाही.

खरी गोम करंटची. तुमच्याकडे आहे तसल्या एफटी२३२ चिपवाल्या ॲडाप्टरवरचे ३.३ व्होल्ट बहुतेक वेळा चिपच्या आतल्या छोट्या रेग्युलेटरवरून येतात आणि त्याची ताकद फक्त ५० मिलीॲम्पियर. ईएसपी८२६६ (ईएसपी-०१ वरची मुख्य चिप) वायफायवर बोलायला लागला की क्षणभर ३०० च्याही वर खेचतो. व्होल्टेज बसतं, मॉड्यूल रिसेट. मीटर लावलात तर ३.३ च दिसणार, कारण हा झटका इतका बारीक असतो की साध्या मल्टिमीटरला तो पकडता येत नाही, म्हणून माणूस सप्लायवर संशयच घेत नाही.

मी ज्या ऑनलाइन दुकानातून ॲडाप्टर घेतला त्यांनी 'ईएसपीला चालतो' असं ठळक छापलं होतं, करंट किती ते कुठेच नाही. सपोर्टला सरळ लिहून विचारलं की ३.३ च्या पिनवर किती मिलीॲम्पियर मिळतात, तर उत्तर काय, ड्रायव्हरची लिंक. परत विचारलं, परत तीच लिंक, मग म्हणे केबल बदला, दुसऱ्या लॅपटॉपवर बघा, आणि या सगळ्यात रिटर्नची मुदत संपली. पैशांचं जाऊ दे, पण कॉलेजची पोरं हेच विकत घेतात आणि आपल्याला जमत नाही म्हणून नाद सोडतात, याचा मला खरंच राग येतो. एक आकडा छापायला काय जातं?

माझ्या मते (मी इंजिनियर नाही, तुमचा बोर्ड वेगळा असू शकतो) ॲडाप्टरवरून फक्त टीएक्स, आरएक्स, ग्राउंड आणि ५ व्होल्ट घ्यावेत. ५ वरून एएमएस१११७ चा ३.३ वाला रेग्युलेटर, आणि मॉड्यूलच्या पायांना अगदी लागून ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे किरकोळीत मिळतं. ॲडाप्टरवरच्या ३.३/५ व्होल्ट निवडायच्या जंपरच्या भरवशावर मात्र राहू नका, काही स्वस्त बोर्डांवर जंपर फक्त व्हीसीसी (सप्लायची पिन) बदलतो, टीएक्स ५ व्होल्टवरच राहतो. काही जोडायच्या आधी टीएक्स आणि ग्राउंडमध्ये मीटर धरा, लाइन रिकामी असताना हायच असते, त्यामुळे खरं व्होल्टेज लगेच कळतं. ५ दिसलं तर मॉड्यूलच्या आरएक्सआधी व्होल्टेज कमी करणारा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर टाका.

एवढं करूनही अडलं तर सीरियल मॉनिटर ७४८८० बॉड या वेगावर ठेवून रिसेट करा, ११५२०० वर जो कचरा दिसतो तो इथे वाचता येतो. तिथे छापल्या जाणाऱ्या 'बूट मोड' ओळीच्या कंसात पहिला आकडा १ असेल तर चिप अपलोडला तयार आहे. ३ असेल तर जीपीआयओ-० (अपलोड मोड ठरवणारी पिन) रिसेटच्या क्षणी ग्राउंडला नव्हता, ती वायर हलवून बघा, ब्रेडबोर्डवर बहुतेक तीच ढिली असते.