पहिली भविष्यकथा लिहिताय? एकच टंचाई निवडा

बुडालेली मुंबई, हुकूमशहा, ड्रोन, मनगटात चिप बसवलेले नागरिक, हे सगळं एकाच कथेत कोंबू नका. नवे लेखक हमखास इथेच अडकतात. एकच टंचाई घ्या आणि तिच्याभोवती सरकारी पकड कशी आवळत जाते ते दाखवा.

कच्चा माल लांब नाही. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाने जमावबंदीचं कलम १४४ लावलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा होती. दोन्हीकडे हेतू वाईट नव्हता, आणि कथेची खरी भीती तिथेच आहे: तात्पुरता आदेश कधी मागेच घेतला नाही तर?

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- पहिल्या पानावर जगाचा इतिहास नको. टँकरच्या रांगेतली बाई दाखवा, तिचं कार्ड नाकारलं जाऊ दे.
- सत्ता दाखवायला राक्षस लागत नाही. शिक्का मारणारा, स्वतःही तहानलेला कारकून पुरतो. (मला तर त्याचीच जास्त भीती वाटते.)
- ५० लिटरांत स्वयंपाक, भांडी, अंघोळ, संडास कसं बसवायचं याचा हिशोब कागदावर मांडा. निम्मे प्रसंग त्यातूनच निघतील.

बंडखोर नायक, भूमिगत संघटना वगैरे पुढच्या कथेला ठेवा. आधी हजार-दीड हजार शब्दांत त्या बाईचा एक दिवस लिहा आणि पाठवा, वाचतो.