स्वीडनची फुटबॉलपटू पिया सुंधागे खेळाडू म्हणून खरंच एवढी मोठी होती का, की नाव झालं ते कोच म्हणूनच?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "१९८४चा युरोपीय कप म्हणजे चार टीम, सत्तर मिनिटांच्या मॅच आणि लहान बॉल, त्याला काय धरायचं?" या वाक्यासाठी उत्तर लिहितेय.

महिलांच्या त्या कपमध्ये चार टीम शेवटच्या टप्प्यात होत्या. त्याआधी १६ देश पात्रता फेरी खेळले होते आणि स्वीडनच्या गटात नॉर्वे, फिनलंड, आइसलँड होते. मॅच ७० मिनिटांच्या होत्या, बॉल चार नंबरचा होता, हे खरं. पण हे नियम वरून आलेले. १९९१च्या विश्वचषकातसुद्धा बायकांना ८० मिनिटंच दिली होती. चार नंबरचा बॉल घेराने ६३.५ ते ६६ सेंमी, पाच नंबरचा ६८ ते ७०. एवढ्या फरकाने चिखल कमी होत नाही.

आणि चिखल होताच. फायनल दोन मॅचची. १२ मे रोजी गोथेनबर्गला स्वीडन १-० ने जिंकलं, गोल पियाचा, हेडरवर. २७ मे रोजी इंग्लंडमधल्या ल्यूटनच्या केनिलवर्थ रोड स्टेडियमवर पावसाने मैदानाचा पार राडा झाला होता. तिथे लिंडा कर्लच्या गोलने इंग्लंडने दोन्ही मॅच मिळून १-१ अशी बरोबरी साधली आणि कप पेनल्टीवर आला. अशा मैदानात जमिनीलगतचा पास अर्ध्यात रुततो. पेनल्टी मारताना टेकवलेला पाय सरकला की अंग मागे झुकतं आणि बॉल बारवरून जातो. म्हणून धाव आखूड ठेवायची, पावलं छोटी टाकायची, टेकवायचा पाय बॉलच्या शेजारी सपाट रोवायचा. हे सांगायला सोपं. पाय थकलेले आणि बूट चिखलाने जड झालेले असताना करणं अवघड. गोलकीपर एलिसाबेथ लाइडिंगेने इंग्लंडच्या दोन किक अडवल्या, स्वीडनचीही एक वाया गेली. निर्णायक किक पियाने मारली. ४-३. ज्यांना हा कप हलका वाटतो, त्यांनी आधी भिजलेल्या मैदानावर दहा पेनल्टी मारून बघाव्यात.

बाकीचं थोडक्यात. जन्म १९६०, उल्रिसेहाम्न. लहानपणी मुलग्यांच्या टीममध्ये खेळायला मिळावं म्हणून कोचने तिला मुलगा भासवून 'पेल्ले' नाव दिलं होतं. १९७५ला, पंधराव्या वर्षी, राष्ट्रीय संघात. १९९६पर्यंत १४६ सामने, ७१ गोल. १९८५ला इटलीत लाझिओ क्लबकडून खेळली. १९८८ला स्वीडनने तिचं टपाल तिकीट काढलं. १९९१च्या विश्वचषकात क्वार्टरफायनलला यजमान चीनविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला तिचा गोल, तोच एकमेव. पुढे जर्मनीला ४-० हरवून तिसरा क्रमांक, त्यातही एक गोल तिचा.

कोच म्हणून काय केलं ते तुम्हाला ठाऊकच आहे: अमेरिकेबरोबर २००८ आणि २०१२चं ऑलिंपिक सुवर्ण, स्वीडनबरोबर २०१६चं रौप्य. रिओत तिच्या टीमने अमेरिका आणि ब्राझील दोघांना पेनल्टीवरच बाहेर काढलं होतं.

एक मात्र मान्य. स्वीडनसाठी ७१ गोलांचा तिचा विक्रम टिकला नाही. स्वीडनचीच हान्ना युंगबेरी ७२वर गेली, लोट्टा शेलिन ८८वर. त्या काळी महिला संघ असलेले देशही कमी होते, त्यामुळे आकड्यांची सरळ तुलना करू नये.