नुसते फेरे मोजू नकोस

बाळ, टिळकवाडीत रोलर स्केट्स घालून फिरणारी तुम्ही पोरं बर्फावरचं फिगर स्केटिंग बघताना हवेतले फेरे तेवढे मोजता. पुरुषांच्या स्पर्धेत जास्त फेरे मारणारा जिंकतोच असं नाही रे.

हिशेब बघ की. चार फेऱ्यांच्या टो लूप नावाच्या उडीची मूळ किंमत ९.५ गुण. उडी कशी झाली यावर परीक्षक उणे पाच ते अधिक पाच असा शेरा देतात, एकेक अंक म्हणजे मूळ किमतीचा दहावा भाग. उतरताना पडलास की उणे पाच, म्हणजे त्यातली निम्मी गेली. वर पडल्याचा एक गुण वेगळा कापतात. हातात उरले ३.७५. उलट साडेतीन फेऱ्यांची उडी, ट्रिपल अ‍ॅक्सल ८ चाच, पण स्वच्छ उतरला आणि सरासरी अधिक तीन मिळाले तर १०.४.

कलेकडे रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य, प्रत्येकी दहापैकी. फ्री स्केटमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या दुसऱ्या, लांब फेरीत, याला ३.३३ ने गुणतात, म्हणून तिन्हींत अर्धा-अर्धा गुण वाढला तरी जवळपास पाच गुण पदरात पडतात. आता माझं मत विचारशील तर, मोठ्या उड्या मारणाऱ्याला परीक्षक कलेचे गुणही जरा सढळ हातानं देतात. पटत नाही मला ते.

२०१० ला व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या लायसाचेकनं एकही चार फेऱ्यांची उडी न मारता रशियाच्या प्लुशेंकोला मागे टाकलं, तेही १.३१ गुणांनी. वाद आजही चालतोय.

तू पुढच्या वेळी व्हिडिओचा आवाज बंद कर आणि दोन उड्यांच्या मधे पाय काय करतात तेवढंच बघ. स्केटच्या पात्याच्या कडेवर किती झुकतो, वेग कुठे मरतो. उड्या नंतर बघू.