नवीन बॅटरी घ्यायच्या आधी हे बघ
अरे थांब, गाडी सुरू होत नाही म्हणून लगेच नवी बॅटरी घेऊ नको. चावी फिरवल्यावर नुसतं कट-कट-कट होतंय ना, मग आधी बॉनेट उघडून बॅटरीचे टर्मिनल (वायर जोडलेली टोकं) हलवून बघ, पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर निगेटिव्ह (−) वायर आधी काढ आणि खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासून घे, माझी गाडी एकदा एवढ्यावरच सुरू झाली, मेकॅनिक मात्र सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बदला म्हणत होता! मग व्होल्ट मोजायला बॅटरीला मल्टिमीटर लाव. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२ च्या खाली म्हणजे बसलीच समज. जंप देऊन (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबलने जोडून) चालू केलीस की परत मोज, १३.८ ते १४.५ आलं तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) बहुतेक ठीक, १२ वरच अडकलं तर अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट बघ, नाहीतर नवी बॅटरीपण दोन दिवसांत झोपेल.