आजीचा ‘पण’ कुठे लिहायचा?

प्रश्न : मी सोलापुरात अकरावीत शिकते. ‘नळांना मीटर बसवावेत का?’ या विषयावर मी मीटरच्या बाजूने निबंध लिहिला. सुरुवातीला ‘पाणी म्हणजे जीवन’, मध्ये दोन सुभाषितं, शेवटी कविता. बाईंचा शेरा आला : ‘भाषा छान, पण पटत नाही.’ घरी वाचून दाखवला तर आजी म्हणाली, ‘पण रोज पाणीच येत नाही, मीटर कशाला?’ पटेल असं लिहायचं कसं?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तुझ्या निबंधात जे नव्हतं, ते आजीने एका वाक्यात सांगितलं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. आपले जुने शास्त्रकार आधी समोरच्याचं म्हणणं मांडत आणि मग स्वतःचं, म्हणजे उत्तरपक्ष. मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला मराठी शिकवलं. बहुतेक मुलांचा पूर्वपक्ष ‘काही लोक उगाच विरोध करतात’ एवढ्यावर संपायचा. तो ‘उगाच’ मी दरवेळी खोडायचो.

आजीचं म्हणणं असं लिही, की ती म्हणेल, ‘हां, हेच म्हणत होते मी.’ त्यात भरही घाल. काही दिवसांआड पाणी सुटतं तेव्हा रिकाम्या पाइपातली हवा आधी बाहेर पडते आणि तिनेही मीटरचा काटा फिरू शकतो. म्हणजे हवेचंही बिल! हे तू लिहिलं नाहीस, तरी ज्याला माहीत आहे त्याला वाचताना आठवणारच.

चाटी गल्लीत चादर घ्यायला गेलीस की दुकानदाराकडे बघ. तो घडी मोडतो, चादर उलटी करतो, मागच्या बाजूचे बदललेले रंग दाखवतो आणि टोक तुझ्या हातात देतो. ‘उत्तम माल’ म्हणत बसत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वी पटवण्याची तीन साधनं सांगितली : बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. आजीची बाजू प्रामाणिकपणे मांडलीस की पहिलं साधलं. भावनेसाठी कविता नको. नळ आला की पिंपातलं उरलेलं पाणी ‘शिळं’ म्हणून मोरीत ओततात ना? ते दृश्य लिही. उजनी धरणातून इतक्या लांबून आणलेलं ते पाणी.

युक्तिवादासाठी न्यायशास्त्राची, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राची, वाट धर : प्रतिज्ञा (आपलं म्हणणं), हेतू (त्याचं कारण), उदाहरण. आजीचं ऐकल्यावर तुझी प्रतिज्ञा थोडी बदलेल, बदलू दे : ‘जिथे रोज पाणी येऊ लागेल, तिथे मीटर बसवावेत.’ हेतू : मोजल्याशिवाय वापर किती आणि गळती किती, हे कळत नाही. उदाहरण : घरातले सगळे नळ बंद असताना काटा हलला, तर आत कुठेतरी गळतंय.

आता पुन्हा लिही, दीड पानात, सुभाषितं काढून. मग आजीला वाचून दाखव आणि ती जिथे ‘पण’ म्हणेल तिथे समासात पेन्सिलीने खूण कर. त्या खुणांसकट मला पाठव.