बॅटरी घेण्याआधी मीटर बघ

भावा, सोलर बसवलंस, झकास केलंस. पण बॅटरीची घाई नको. आधी आठवडाभर संध्याकाळी सहाला आणि सकाळी सहाला मीटरचं रीडिंग वहीत लिही. रात्री पाच युनिट लागत असतील तर दहा युनिटची बॅटरी रोज निम्मी पडून राहील. नवे लोक इथंच फसतात.

- पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री दुपारी चालव. हे फुकटातलं काम आधी.
- इन्व्हर्टर हायब्रिडच हवा, म्हणजे सोलर, बॅटरी आणि बाहेरची लाईट तिन्ही सांभाळणारा. साधा ऑन-ग्रीड (फक्त बाहेरच्या लाईटीला जोडलेला) असेल तर हेस्कॉमची, म्हणजे आपल्या वीज कंपनीची, लाईट गेली की तोही बंद पडतो.
- बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची घे, तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवू नको.

इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये बॅटरीचे वीस टक्के राखीव ठेव. खानापूरकडच्या पावसाळ्यात ते फार उपयोगी पडतात. बॅटरी कधी भरायची, कधी वापरायची या वेळापत्रकाच्या सेटिंगना सध्या हात लावू नको.