ओटीपी दिला नाही, तरी पैसे गेले कसे?

ताई, बाबांनी ओटीपी कुणालाच सांगितला नाही असं तुम्ही तीनदा लिहिलंय. पटलं मला. त्यांना तो सांगावा लागलाच नसणार.

तुमच्या लिहिण्यावरून प्रकार असा दिसतो: व्हॉट्सॲपवर "आजे राते 9 वागे गेस बंध थई जशे" (आज रात्री 9 वाजता गॅस बंद होईल) असा गुजराती मेसेज, सोबत बिलाची म्हणून एपीके फाईल, ती उघडून 12 रुपये भरायची खटपट आणि काल रात्री 48,000 गायब. वडोदऱ्यात घरोघरी पाइपचा गॅस, म्हणून हा गळ इथे बरोबर लागतो.

एपीके म्हणजे बिल नव्हे, ते आख्खं ॲप असतं. उघडताना ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण घाईत 'हो' म्हणतो. 12 रुपयांसाठी कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे भरले की ते पलीकडे पोचतात. मग ओटीपी बाबांच्या फोनवर येतो आणि ॲप तो गुपचूप पुढे पाठवतं. पुष्कळदा ॲपचं चिन्हही स्क्रीनवरून नाहीसं होतं. 'ओटीपी सांगू नका' एवढंच आपण ज्येष्ठांकडून घोकून घेतलं, ते इथे अपुरं पडतं.

आता आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, सिम काढून एखाद्या साध्या फोनमध्ये घाला. त्यावरून 1930 लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येतात, म्हणून सोमवारी शाखेत जाऊ असं करू नका. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे असतो तोच लावा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. तेव्हा तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

त्या मेसेजचे, फाईलचे फोटो दुसऱ्या फोनने काढा आणि मगच फोन फॅक्टरी रीसेट करा. पुरावा पुसून बसलेले लोक मी बँकेच्या काउंटरवर फार पाहिले. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. सिम आता ज्या फोनमध्ये आहे त्यावरून ##002# डायल करा, कुणी कॉल फॉरवर्डिंग लावलं असेल तर निघेल.

बाबांवर चिडू नका. आमच्या सासरेबुवांनी लग्नपत्रिका म्हणून आलेली अशीच फाईल उघडली होती. इथल्या मराठी वस्तीतलं, दांडिया बाजारातलं कुठलंही लग्न आपल्याच नात्यातलं निघतं, त्यांचं तरी काय चुकलं? त्या खात्यात फारसं काही नव्हतं म्हणून निभावलं, पण तीच पत्रिका त्यांच्या व्हॉट्सॲपवरून साऱ्या गोतावळ्याला गेली. तेव्हा बाबांच्या ओळखीच्यांना आजच फोन करून सांगा, मेसेज नको, त्यावर कोण विश्वास ठेवणार!

आणि काही दिवसांत 'सायबर सेलमधून बोलतोय, पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' असा फोन येऊ शकतो. तो उचलायची पाळी बाबांवर येऊ देऊ नका.